ट्रायडचं पाठांतर: आद्याक्षरांकडून कार्यकारणाकडे

लक्षणांच्या ट्रायडचा (एकाच आजाराकडे बोट दाखवणाऱ्या तीन खुणांच्या त्रिकुटांचा) माझा उजळणीच्या कार्डांचा संच आता बराच स्थिरावला आहे. बेक, कुशिंग, शार्को, व्हर्निके, हॉर्नर, व्हिपल ही ज्यांच्या नावाने ट्रायड ओळखले जातात ती डॉक्टर मंडळी झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येतात. अजून अडखळायला होतं ते मेल्टझर आणि मॅकलरपाशी. मेल्टझर म्हणजे त्वचेवर जांभळे ठिपके, सांधेदुखी आणि अशक्तपणा (क्रायोग्लोब्युलिनेमिया, म्हणजे रक्तातली काही प्रथिनं थंडीत साकळण्याचा आजार). मॅकलर म्हणजे उलट्या, छातीत कळ आणि त्वचेखाली हवा (अन्ननलिका फाटणं). दोघांची कार्डं सध्या रोजच्या उजळणीत आहेत.

या फेरीत पद्धत बदलली. आद्याक्षरं जुळवून केलेलं पाठांतर लवकर विरतं. तिन्ही लक्षणं एकाच कारणातून कशी फुटतात हे कळलं, की पाठ करायला फारसं उरतच नाही.

बेकचा ट्रायड घ्या. क्लॉड बेक यांनी तो 1935 मध्ये मांडला. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त किंवा द्रव साठला की हृदयाला पसरून भरायला जागा मिळत नाही. आत येणारं रक्त मागे तुंबतं, म्हणून मानेच्या शिरा फुगतात. पुढे कमी रक्त ढकललं जातं, म्हणून रक्तदाब उतरतो. आणि मध्ये द्रवाचा थर असल्याने ठोके दबके ऐकू येतात. मागे काय, पुढे काय, मध्ये काय, असे तीन प्रश्न विचारले की तिन्ही उत्तरं आपोआप येतात. कार्डाच्या मागच्या बाजूला मी आता फक्त हे प्रश्न लिहिते.

कुशिंगचा ट्रायड मला सगळ्यांत देखणा वाटतो. कवटीतला दाब वाढला की मेंदूला रक्त पोचणं अवघड होतं, आणि ते पोचवण्यासाठी शरीर रक्तदाब चढवतं. चढलेला दाब मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाब ओळखणाऱ्या चेतातंतूंना जाणवतो. ते हृदयाला आवर घालतात आणि नाडी मंदावते. मस्तिष्कस्तंभावर ताण आला की श्वास अनियमित होतो. रक्तस्रावाच्या शॉकमध्ये साधारणपणे दाब खाली आणि नाडी जलद असते, इथे बरोबर उलट. म्हणून ही दोन कार्डं मी जोडीनेच फिरवते. (कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढल्यामुळे होणारा कुशिंग सिंड्रोम वेगळा. नाव त्याच शल्यचिकित्सकाचं, पण त्याची जागा दुसऱ्या गठ्ठ्यात.)

शार्कोच्या नावावर दोन ट्रायड आहेत आणि नवख्यांची गाडी इथेच अडते. 1877 मधला पित्तनलिकेच्या संसर्गाचा: हुडहुडी भरून ताप, कावीळ, पोटाच्या उजव्या वरच्या भागात दुखणं. दुसरा मल्टिपल स्क्लेरोसिसचा (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंचं आवरण खराब होण्याचा आजार): डोळ्यांची आपोआप होणारी थरथर, वस्तू धरायला जाताना हाताला सुटणारा कंप, तुटक बोलणं. पहिल्याला 1959 मध्ये रेनॉल्ड्स आणि डार्गन यांनी उतरलेला रक्तदाब आणि गोंधळलेली शुद्ध जोडली आणि त्याचा पेंटॅड (पाच लक्षणांचा संच) झाला. तुंबलेल्या नलिकेतला दाब जिवाणूंना रक्तात ढकलतो आणि आजार सर्वांगाचा होतो, एवढं ध्यानात ठेवलं की शेवटची दोन लक्षणं वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

सेंट यांचा ट्रायड या पद्धतीला दाद देत नाही. हायटस हर्निया (जठराचा भाग छातीत सरकणं), पित्ताशयातले खडे आणि मोठ्या आतड्यातले फुगे: तिघांना जोडणारं एकच सिद्ध कारण नाही. एका रुग्णात तीन स्वतंत्र आजार असू शकतात हे सांगण्यासाठीच तो शिकवला जातो, आणि त्यासाठी मी तो आनंदाने घोकते. उलट फिरखोव्हचा मी संचातून काढला. रक्तप्रवाह मंदावणं, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा आणि रक्ताची गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती ही गुठळीची कारणं आहेत, लक्षणं नव्हेत. रक्तातली साखर उतरल्याचा व्हिपलचा ट्रायड राहिला, जरी त्यातली तिसरी गोष्ट लक्षण नसून कसोटी आहे: साखर दिल्यावर त्रास थांबतो.

आता प्रत्येक कार्डावर आणखी एक ओळ घालते आहे: तिन्ही लक्षणं एकत्र कितपत दिसतात? मेनिन्जायटिसचा (मेंदूच्या आवरणांचा दाह) ट्रायड ताप, ताठर मान आणि बदललेली शुद्ध असा आहे. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या मोठ्या अभ्यासात जिवाणूजन्य मेनिन्जायटिसच्या 44 टक्के प्रसंगांतच तो पूर्ण आढळला. पण डोकेदुखी धरून चारांपैकी किमान दोन लक्षणं 95 टक्के प्रसंगांत होती. व्हर्निकेचे (ब1 जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा मेंदूचा आजार) गोंधळ, तोल जाणं आणि डोळ्यांच्या हालचाली बिघडणं हे तिन्ही एकत्र थोड्याच रुग्णांत दिसतात. म्हणून माझ्या नव्या कार्डांवर मुद्दाम दोनच लक्षणं लिहिलेली असतात. आजार ओळखायचा आणि गाळलेलं तिसरं लक्षण सांगायचं. अवघड आहे, पण पूर्ण तिन्ही वाचून नाव सांगण्यापेक्षा यात कितीतरी जास्त समजतं.

पुढच्या फेरीत ग्रॅडेनिगो: कान वाहणं, डोळ्यामागे दुखणं, डोळा बाहेरच्या बाजूला न वळणं. सहावी कवटीय नस शंखास्थीच्या टोकाला लागून जाते आणि पाचवीच्या चेतापेशींचा पुंजका (गँग्लियन) तिथेच असतो, त्यामुळे कानातला संसर्ग तिथवर पोचला की दोघीही सापडतात. हे कार्ड आकृती काढूनच करणार आहे.