पस्तिसाव्या हिश्शातला पूल

आमच्या नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये मी पहिल्यांदा गेलो तो शाळेच्या सहलीबरोबर, सातवीत असताना. सगळी पोरं मोठ्या तोफांच्या रणगाड्यांपाशी रेंगाळत होती. मी थांबलो तो व्हॅलेंटाइन नावाच्या जुन्या ब्रिटिश रणगाड्यापाशी. ह्या व्हॅलेंटाइनला टरेट, म्हणजे वरचा फिरता बुरूज नाही, म्हणून तोफही नाही. सरांनी सांगितलं, "हा पूल टाकणारा रणगाडा." रणगाडा आणि पूल हे दोन शब्द एका वाक्यात मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. पुढे सिव्हिलला गेलो, सार्वजनिक बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता झालो आणि आता ओढ्यांवरच्या मोऱ्या, फरशी पूल आणि त्यांचे खचलेले भराव हेच माझं रोजचं काम आहे. पण तो रणगाडा डोक्यातून कधी गेला नाही.

गेल्या पावसाळ्यात त्याची छोटी प्रतिकृती करायला घेतली. १/३५ मापातला, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा, साध्या व्हॅलेंटाइनचा किट आणला, त्याचं टरेट बाजूला ठेवलं आणि पूल स्वतः प्लॅस्टिकच्या शीटमधून कापून करायचा ठरवला. किटमधल्या रणगाड्याबद्दल फार लिहीत नाही, तो कोणीही सूचनापत्रक बघून जोडू शकतो. एक मात्र सांगतो, चाकं नीट बघून लावा. एका बाजूला सहा चाकं असतात, पण सगळी सारखी नसतात. तीन-तीन चाकांच्या दोन बोगी, प्रत्येक बोगीत एक मोठं चाक २४ इंची आणि दोन लहान साडेएकोणीस इंची. मोठी चाकं बाहेरच्या टोकांना येतात. हे चुकलं की रणगाड्याची सगळी ठेवणच बिघडते.

आता पूल. खरा पूल ३४ फूट लांब आणि साडेनऊ फूट रुंद, ३० टनांच्या वर्गाचा, म्हणजे तेवढा भार पेलणारा. मधोमध बिजागरी, म्हणून कात्रीपूल. पस्तिसाने भागलं की लांबी २९६ मिलिमीटर येते आणि रुंदी ८३. प्रत्येक अर्धा १४८ चा. रणगाड्याचा सांगाडा १५५ मिलिमीटर. म्हणजे घडी घातलेला पूल रणगाड्याच्या पाठीवर बरोबर मावतो, पुढेमागे फारसा लोंबत नाही. ही मापं वहीत मांडली त्या रात्री मला झोप लागली नाही. ३० फुटांची घळ ओलांडायला ३४ फुटांचा पूल, म्हणजे दोन्ही काठांवर दोन-दोन फूट टेकण. माझ्या टेबलावर ते सतरा मिलिमीटर. एवढ्या टेकणीवर ३० टन उभे करायचे आणि काठ कसला, तर बुलडोझरही न लागलेली कच्ची माती.

पूल म्हणजे अखंड पाटा नाही. रणगाड्याचे ट्रॅक जिच्यावरून जातात ती चाकपट्टी, अशा दोन समांतर पट्ट्या असतात, मध्ये मोकळं, आडव्या जोडण्यांनी बांधलेलं. प्रत्येक पट्टीखाली तुळया. मी अर्ध्या मिलिमीटरच्या शीटमधून तुळयांच्या बाजू कापल्या आणि पेटीसारख्या जोडल्या. पहिल्या दोन तुळया दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर वाकलेल्या. पातळ ग्लू प्लॅस्टिक विरघळवतो आणि वाळताना तेवढी बाजू आक्रसते. एकाच बाजूने ग्लू सोडला की तुळई त्या बाजूला ओढली जाणारच. पुढच्या वेळी दोन्ही बाजूंनी, थोडा थोडा, आणि दोन काचांच्या मध्ये दाबून दोन रात्री ठेवल्या. सरळ आल्या. फुटपट्टी लावून उजेडासमोर धरली तेव्हा खालून उजेडाची रेघसुद्धा दिसत नव्हती.

खरी चूक झाली ती बिजागरीत. पूल कात्रीसारखा उघडतो म्हटल्यावर मी धरून चाललो होतो की तो पुस्तकासारखा मिटतो, चाकपट्टी आत, तुळया बाहेर. म्हणून बिजागरी वरच्या कडेला, चाकपट्टीच्या पातळीत बसवली. मिटत होता छान. उघडून दोन डब्यांवर ठेवला, बोटाने मधोमध हलकं दाबलं, आणि तो इंग्रजी व्ही अक्षरासारखा खाली गेला.

अप्पा शेजारीच बसले होते. एसटीच्या कार्यशाळेत त्यांची बत्तीस वर्षं गेली, हाताने बघितल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नाही. त्यांनी पूल हातात घेतला, दोनदा उघडमीट केली आणि म्हणाले, "अरे, खालून धरणारं कोणी नाही ह्याला. वरून दाबलं की खालून उघडणारच."

"मग कुलूप पाहिजे, अप्पा?"

"कुलूप कशाला? खिळा खाली घे."

मी कागद घेतला आणि पूल टाकण्याची सगळी हालचाल पायरी पायरीने काढली. पुलाचं एक टोक रणगाड्याच्या नाकाशी धरलेलं, बिजागरी मागे. टाकताना खालचा अर्धा नाकाभोवती वर उठतो, उभा राहतो आणि पुढे पडतो, म्हणजे अर्धा फेरा फिरतो. पडल्यावर त्याची चाकपट्टी वर यायला हवी, तर पाठीवर असताना ती खाली असली पाहिजे! खालचा अर्धा पालथा आणि वरचा अर्धा सुलटा. दोन्हींच्या तुळया एकमेकींकडे तोंड करून. आणि मग बिजागरी आपोआप तुळयांच्या खालच्या कडेला येते.

हे उमगलं तेव्हा मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. पुलावर भार आला की खालच्या कडेला ताण येतो आणि वरच्या कडेला दाब, हे आम्ही दुसऱ्या वर्षाला शिकतो. इथे ताण घ्यायला बिजागरीचा खिळा आहे, आणि दाब घ्यायला दोन्ही अर्ध्यांची वरची टोकं नुसती एकमेकांना भिडतात. वेगळं कुलूप नको, बोल्ट नको, माणसाने खाली उतरून काही आवळायला नको. समोरून गोळ्या येत असताना कोणाला उतरायला लागू नये यासाठीच तर हे यंत्र आहे. जितका भार जास्त, तितकी टोकं घट्ट भिडतात.

जुनी बिजागरी कापून काढली. नव्या बिजागरीला पितळेची बारीक नळी आणि खिळ्याच्या जागी इंजेक्शनची सुई. अप्पांनी सुईला आधी तेलाचं बोट लावायला लावलं, म्हणजे ग्लू आत ओढला गेला तरी धरणार नाही. दोन्ही अर्ध्यांची भिडणारी टोकं मात्र मी चार संध्याकाळ घासत होतो. पॉलिश पेपरवर दोन ओढी, जुळवून बघायचं, पुन्हा दोन ओढी. एका टोकाला केसाएवढी फट राहिली तर भार एकाच पट्टीवर जातो आणि पूल पिळतो.

हे रणगाडे दुसऱ्या महायुद्धात इटलीत आणि वायव्य युरोपात वापरले गेले, आणि बर्मातही. मला जवळचा वाटतो तो बर्मा. तिथे हिंदुस्थानी टँक ब्रिगेडांबरोबर व्हॅलेंटाइन पूलवाहक होते. मार्च १९४५ मध्ये सतराव्या हिंदुस्थानी डिव्हिजनने आणि २५५ व्या टँक ब्रिगेडने मेकटिला शहर घेतलं, तो सगळा मुलूख मध्य बर्माचा कोरडा पट्टा. तिथल्या ओढ्यांना चाऊंग म्हणतात. पावसाळा सोडला तर पाणी जेमतेम, पण काठ उभे, माती भुसभुशीत. आमच्या पारनेर-पाथर्डीकडच्या ओढ्यांचं वर्णन करायचं तरी मी हेच शब्द वापरीन. असा ओढा नकाशावर केसाएवढी रेघ असतो आणि त्याच्यापुढे सगळी रणगाड्यांची रांग अडून बसते. म्हणून माझ्या देखाव्याला मी हाच ओढा निवडला. काठाची माती आमच्या शेताच्या बांधावरची, चहाच्या गाळणीतून तीनदा चाळलेली. रंग गडद हिरवा, त्यावर वाळक्या मातीचा पातळ हात. चाकपट्ट्यांवरचा रंग जिथे ट्रॅक घासणार तिथेच झिजवला, कडेला नाही.

पुलांचं हे काम आपल्याकडे थांबलेलं नाही. विजयंता रणगाड्याच्या सांगाड्यावरचा 'कार्तिक' पूलवाहक आणि ट्रकवरून टाकायचा 'सर्वत्र' नावाचा पूल, दोन्हींमागे पुण्याच्या दिघीतली डीआरडीओची प्रयोगशाळा आहे. कधीतरी कार्तिकही करायचा आहे. त्याचा तयार सांगाडा मिळाला नाही तर तोही शीटमधूनच.

पूल पूर्ण झाला तेव्हा मित्र म्हणाला, मिटलेलाच ठेव, देखणा दिसतो. मला ते पटलं नाही. पूल उघडा पाहिजे आणि त्याने भार घेतला पाहिजे. खात्यात नव्या पुलाची लोड टेस्ट घेतो तशी मी ह्याची घ्यायची ठरवली. ३० टनांना पस्तिसाच्या घनाने, म्हणजे ४२,८७५ ने भागलं की सुमारे ७०० ग्रॅम येतात. छोट्या प्रतिकृतीची ताकद वजनाच्या प्रमाणात उतरत नाही, लहान वस्तू तिच्या मापाने नेहमीच जास्त मजबूत असते, हे मला ठाऊक आहे. तरी वर्गाच्या आकड्याला मान द्यायचा म्हणून तेवढंच वजन घेतलं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांकडून अर्धा किलोचं आणि दोनशे ग्रॅमचं माप एका रात्रीपुरतं मागून आणलं.

दोन विटांमध्ये २६१ मिलिमीटर अंतर ठेवलं, दोन्हीकडे सतराची टेकण. पुलाखाली दोरा ताणला, त्याच्या शेजारी पोलादी पट्टी उभी केली. आधी दोनशे ठेवलं, काही हललं नाही. मग पाचशे. टोकं भिडल्याचा बारीक टक असा आवाज आला आणि पूल थांबला. दोन मिलिमीटर वाक. अप्पांनी चष्मा वर करून दोऱ्याकडे पाहिलं, मग डाव्या पट्टीखाली, मग उजव्या. "सारखं आहे," म्हणाले.

वजन चोवीस तास तसंच ठेवलं, खात्यात ठेवतात तसं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आलो, बूट न काढताच पट्टी वाचली. अडीच. मापं उतरवली, तासभर थांबलो आणि पुन्हा वाचली. अर्धा मिलिमीटर उरला होता, बाकी पूल वर आला होता. वहीत तारखेसह आकडे लिहिले, खाली मी सही केली आणि अप्पांचीही घेतली. मापं काकांना परत दिली. आता पलीकडच्या काठावरचं वाळलं गवत लावायचं राहिलंय.