जुनी सही

"अक्का, सही जुळत नाही. पहिल्यासारखी करा की."

टिळकवाडीतल्या बँकेत आज काउंटरवरच्या मुलाने स्लिप परत सरकवली. त्याच्या स्क्रीनवर माझी २००९ सालची सही. बारीक, गोल, शेवटचं अक्षर आत वळलेलं. कुणाची तरी जागा अडवतेय अशा भीतीने केलेली.

चार वर्षांपूर्वी शिवणकाम स्वतःच्या नावावर सुरू केलं, तेव्हा ती मी ठरवून बदलली. वहीची दहा पानं घोटली. मोठी, तिरकी, खाली ठसठशीत रेघ. मग हळूहळू गिऱ्हाइकाला दर सांगताना मान खाली जायची तीही थांबली.

आज स्लिपच्या मागे सात वेळा जुनी सही करून पाहिली. हात ऐकेना. शेवटी खांदे आकसून, पेन घट्ट धरून बसले, तेव्हा आली. हुबेहूब. काळजात धस्स झालं. म्हणजे ती बाई अजून आत आहे?

'आयडेंटिटी क्रायसिस', म्हणजे आपण नेमके कोण हा पेच, हा शब्द रूढ करणारे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन आधी होम्बुर्गर होते. १९३९ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले तेव्हा त्यांनी नवं आडनाव घेतलं. जुनं त्यांच्या हातातून पूर्ण गेलं असेल का?

पासबुकावर बेळगाव आहे, स्लिपवर बेळगावी. १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं हे नाव आम्हाला विचारून ठेवलं नव्हतं. सही मात्र मी निवडली. हा फरक मला फार मोठा वाटतो.

सही बदलायचा फॉर्म आणलाय. त्यावर आधी जुनी करायची, मग नवी.

तुम्ही ठरवून बदललात, तेव्हा आधीच्या स्वतःला कुठे ठेवलंत?