आधी काय बदलू?

"घरात जुना ॲम्प्लिफायर आहे. फ्यूज घातला की उडतो. आधी काय बदलू?" महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी मला हे विचारतंच. कुणाचा वडिलांच्या वेळचा असतो, कुणी जुन्या बाजारातून उचललेला. आणि विचारणाऱ्याच्या खिशात बहुतेक वेळा नव्या ट्रान्झिस्टरची पुडीही आलेली असते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: आधी काहीच बदलू नका. असं का म्हणतो ते कळायला मामाच्या ॲम्पची हकीकत ऐका.

मामा मिरजेचा. त्याचा ॲम्प सत्तरच्या दशकातला, भारतीय बनावटीचा, चॅनेलला ३० वॅटचा. सागवानी पेटी, समोर ॲल्युमिनियमची पट्टी, मागे काळे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारे धातूचे पंखे) आणि त्यांवर चार २एन३०५५ ट्रान्झिस्टर. चौघेही एनपीएन जातीचे. त्या काळात जोडीला उलट जातीचा, म्हणजे पीएनपी, चांगला आणि परवडणारा पॉवर ट्रान्झिस्टर सहज मिळत नसे, म्हणून वरचा आणि खालचा दोन्ही एकाच जातीचे घेऊन सर्किट जमवत. उजवा चॅनेल बंद पडला तेव्हा मामानं तो दुरुस्तीला दिला. ३०५५ बदलून मिळाले, आठवडाभर वाजला, पुन्हा गेला. परत ३०५५ बदलले, परत तेच. तिसऱ्यांदा त्यानं पेटी गाडीत घातली आणि माझ्याकडे पुण्याला आणून ठेवली.

जळालेला ट्रान्झिस्टर डोळ्यांना दिसतो, मीटरवर शून्य दाखवतो, म्हणून सगळे त्यालाच धरतात. पण या ॲम्पमध्ये एका टप्प्यापासून दुसऱ्या टप्प्यापर्यंत मध्ये कंडेन्सर नसतो, सगळं थेट जोडलेलं असतं. शिवाय आउटपुटचा थोडा भाग फीडबॅक म्हणून मागे पहिल्या टप्प्यापर्यंत जातो. कुठेही काही बिनसलं तरी त्याचा भार शेवटी आउटपुटच्या जोडीवर, म्हणजे त्या चॅनेलच्या दोन ३०५५ वर, येतो. तिला कुणी मारलं हे न शोधता नवी जोडी बसवली, तर तिचीही तीच गत.

म्हणून माझं पहिलं हत्यार म्हणजे सिरीजचा बल्ब. एका लाकडी फळीवर होल्डर आणि सॉकेट, बल्ब फेजच्या वायरीत सिरीजमध्ये, आणि ॲम्पची पिन त्या सॉकेटमध्ये. बल्ब जुन्या पद्धतीचा, तारेचाच हवा, ६० किंवा १०० वॅटचा. एलईडीनं हे काम होत नाही. ॲम्प ठीक असेल तर बल्ब क्षणभर पेटतो, कंडेन्सर भरले की मंदावतो. आत शॉर्ट असेल तर लख्ख पेटून तसाच राहतो. सगळा ताण बल्ब घेतो, ॲम्पमधलं आणखी काही जळत नाही. मामाच्या ॲम्पवर तो लख्ख पेटला.

स्पीकर या वेळी काढलेले असावेत, यावर मी अडून बसतो. अशा जुन्या ॲम्पमध्ये स्पीकर वाचवणारा रिले सहसा नसतो. आउटपुटला २८ व्होल्ट डीसी आला आणि स्पीकरची कॉइल ६ ओमची असेल, तर तिच्यात १३० वॅट नुसती उष्णता होते. जुना स्पीकर त्यात काही सेकंदांत संपतो. दुसरी गोष्ट तुमच्या जिवाची. पिन काढल्यावरही मोठे कंडेन्सर भरलेले राहतात. काहीजण स्क्रूड्रायव्हर आडवा लावून ठिणगी काढतात, तसं करू नका. १०० ओमचा पाच वॅटचा रेझिस्टर चिमट्यांनी दोन टोकांना लावा, थोडं थांबा, मीटरनं खात्री करा, मग हात घाला. आणि झाकण उघडं असताना स्विचच्या मागे २३० व्होल्ट उघड्यावर असतात हे विसरू नका.

मग मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून एकेक ट्रान्झिस्टर तपासला. उजवे दोन्ही ३०५५ शॉर्ट. त्यांना चालवणाऱ्या छोट्या ट्रान्झिस्टरपैकी, म्हणजे ड्रायव्हरपैकी, एक गेलेला. ३०५५ च्या एमिटर पायाला जोडलेला ०.३३ ओमचा एक रेझिस्टर, म्हणजे एमिटर रेझिस्टर, आतून तुटलेला. ते सगळं बदललं. ३०५५ घेताना भरवशाचं दुकान बघा, नकली माल फार आहे. मी पुण्याच्या तपकीर गल्लीत हातात तोलून, कवच नीट न्याहाळून घेतो. हीटसिंकवर बसवताना मधला अभ्रकाचा पत्रा फाटलेला नाही आणि भोकाच्या कडेला बारीक कंगोरा उरलेला नाही हे बघा, दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट लावा, आणि कवच व हीटसिंक यांच्यात मीटर वाजत नाही याची खात्री करा.

जुना मेकॅनिकही बहुधा इथवर आला असणार. पुढे तो थांबला, कारण ॲम्प वाजू लागला.

मी परत बल्बमधून चालू केला. बल्ब मंदावला, पण पुरता नाही. तार तांबूस दिसत राहिली. डाव्या चॅनेलच्या एमिटर रेझिस्टरवर मीटर लावला: ७ मिलिव्होल्ट, म्हणजे साधारण २० मिलिॲम्पिअर, अगदी योग्य. उजव्यावर १६५. म्हणजे अर्धा ॲम्पिअर, तोही आवाज शून्यावर असताना. त्या चॅनेलचे ट्रान्झिस्टर नुसते बसल्याजागी भाजून निघत होते.

उदबत्ती विझल्यावर उरलेली बांबूची काडी मी जपून ठेवतो. कोरडी, टोकदार, वीज न वाहणारी. तिनं बोर्डावरचा एकेक भाग हळूच दाबत गेलो. कंडेन्सर, रेझिस्टर, काही नाही. बायस म्हणजे गाणं नसतानाही आउटपुटच्या जोडीतून थोडा करंट वाहता ठेवण्याची सोय, आणि प्रीसेट म्हणजे तो फिरवून ठरवायचा छोटा रेझिस्टर. त्या बायसच्या प्रीसेटला काडी लागली आणि १६५ चा आकडा एकदम ९ वर आला. काडी उचलली, पुन्हा १६५. तीनदा करून पाहिलं. त्या उघड्या प्रीसेटच्या काळ्या पट्टीवर इतक्या वर्षांची धूळ आणि काळपटपणा साचला होता, आणि वरची पितळी जीभ मनाला येईल तेव्हाच टेकत होती.

जीभ उठली की काय होतं? बायसच्या छोट्या ट्रान्झिस्टरचा बेस, म्हणजे त्याला चालू-बंद करणारा पाय, त्या जिभेला जोडलेला. संपर्क तुटला की त्याला करंट मिळत नाही, तो बंद होतो, आणि आउटपुटच्या जोडीला मिळणारा बायस कमी व्हायच्या ऐवजी पार वर जातो. जोडी तापते, तापल्यानं आणखी करंट ओढते, आणखी तापते, आणि जाते. आठवडाभर जीभ टेकलेली असेल तर आठवडाभर गाणं वाजतं. मामाचे चार ट्रान्झिस्टर आणि दोन खेपा या काही रुपयांच्या प्रीसेटपायी गेल्या.

प्रीसेट बदलताना मी जोडणीही बदलली. त्याच छोट्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेस या पायांमध्ये पक्का रेझिस्टर, बेस आणि एमिटरमध्ये नवा बंद डबीतला प्रीसेट. आता तो कधी निकामी झाला तर बायसचा ट्रान्झिस्टर पूर्ण चालू होईल, बायस खाली जाईल, आवाज थोडा खरखरीत होईल, पण काही जळणार नाही. पन्नास वर्षांच्या वस्तूत मी सहसा मूळ रचनेला हात लावत नाही. इथे लावला, आणि पुन्हा लावीन.

घुमण्याबद्दलही अनेकजण विचारतात. सगळे मोठे कंडेन्सर सरसकट फेकण्याआधी कान द्या. ते सुकले असतील तर घुमणं १०० हर्ट्झचं, थोडं खरबरीत असतं. ५० हर्ट्झचं खोल घुमणं येत असेल तर अर्थिंग आणि इनपुटच्या वायरी आधी बघा.

बल्ब काढून सरळ मेनवर लावल्यावर दोन तास मी शेजारी बसून होतो. आउटपुटला डीसी १४ मिलिव्होल्ट. पन्नासच्या आत असला की मला चालतो. दर पंधरा मिनिटांनी दोन्ही हीटसिंकांना हात लावून पाहत होतो. दोन्ही सारखेच कोमट. मग आधी एक टाकाऊ स्पीकर लावला, आणि नंतर मामाचे.

डाव्या चॅनेलचा प्रीसेट अजून शाबूत होता. तोही त्याच दिवशी बदलला.