तुम्ही विचारलंत म्हणून: देहदानाचा फॉर्म भरला, आता पुढे काय?

‘फॉर्म भरून दिला, कार्डही मिळालं. आता आणखी काही करायचं का?’ साठी ओलांडलेली माणसं हे हमखास विचारतात. करायचं आहे, आणि बरंचसं घरातच. फॉर्म म्हणजे तुमची इच्छा. प्रत्यक्ष दान करणार तुमची मुलं, सुना, जोडीदार, आणि तेही त्यांच्या आयुष्यातल्या फार कठीण दिवशी, हाताशी मोजके तास असताना. त्या वेळी जवळच्या एकानेही ‘नको’ म्हटलं की मेडिकल कॉलेज देह घेत नाही. घेऊही नये.

फॉर्मवर दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक जवळचा नातेवाईक असावा असा बहुतेक ठिकाणी आग्रह असतो. लोक सोय बघून जो आधीच तयार असतो त्याची सही घेतात. माझं सांगणं उलट आहे. घरात जो सगळ्यांत जास्त आडवा येईल असं वाटतं, त्याच्याशी आधी बोला आणि सही त्याचीच घ्या.

त्याचा विरोध बहुधा श्रद्धेतून येतो. अग्नी मिळाला नाही तर गती कशी मिळणार? अस्थीच नाहीत तर दहावं कशाचं करायचं? हे प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, ते प्रेमापोटी विचारलेले असतात. कॉलेजकडून अस्थी मिळत नाहीत, हे आधीच स्पष्ट सांगा. पण ज्याचा देह हाती लागला नाही त्याच्यासाठी दर्भाची किंवा पळसाच्या पानांची प्रतिकृती करून संस्कार करायची वाट परंपरेतच आहे, त्याला पालाशविधी म्हणतात. घरच्या गुरुजींशी आत्ताच बोलून ठेवा. देवांसाठी स्वतःच्या अस्थी देणारे दधीची ऋषी तर आपल्या पुराणातलेच. २०१० च्या जानेवारीत कोलकात्यात ज्योती बसूंचं देहदान झालं, फेब्रुवारीत नानाजी देशमुखांचा देह दिल्लीच्या एम्सला गेला. एक आयुष्यभर कम्युनिस्ट, दुसरे आयुष्यभर संघाचे. दोघांनीही देह विद्यार्थ्यांच्या हवाली केला.

आता वेळेबद्दल, कारण सगळ्यात जास्त दानं इथेच हुकतात. देह साधारण सहा ते आठ तासांत पोहोचावा अशी कॉलेजांची अपेक्षा असते. मांडीच्या किंवा मानेच्या धमनीतून फॉर्मॅलिन असलेलं द्रावण सोडून देह टिकवतात. उशीर झाला की रक्ताच्या गुठळ्यांनी वाटा बंद होतात, कुजणं सुरू होतं आणि द्रावण सगळीकडे पोहोचत नाही. असा देह शिकायला उपयोगी पडत नाही. मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात तर हा अवधी आणखी कमी धरा. आणि नेमकं तेव्हाच घरात ठरतं, ‘धाकटा अमेरिकेहून निघालाय, तो येईपर्यंत थांबू.’ थांबायचं की व्हिडिओ कॉलवर दर्शन घ्यायचं, हे त्या धाकट्याशी तो ठणठणीत असताना, तुम्हीही ठणठणीत असताना ठरवा. थांबायचंच असेल तर शीतपेटीत ठेवलेला देह किती तासांनंतर चालेल, हे कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागाला विचारून घ्या, देहदान तोच विभाग बघतो. घरी अंघोळ, हार, दर्शन, भजन हे सगळं त्या वेळात आरामात बसतं.

नेत्रदानही करायचं असेल तर त्याला सहा तासांची मुदत आहे. पंखा बंद करा, पापण्या मिटवा, त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा, डोक्याखाली दोन उशा द्या. नेत्रपेढीची माणसं घरी येतात, काम अर्ध्या तासाच्या आत होतं आणि त्यानंतर देहदान करता येतं. मेंदूमृत्यू होऊन (म्हणजे मेंदू कायमचा थांबला, पण श्वास यंत्रावर चालू आहे) मूत्रपिंड, यकृत देता येत असेल तर मात्र आधी अवयवदान. त्यानंतर कॉलेजं सहसा देह घेत नाहीत, पण काही माणसं जगतात. अशा वेळी देहदान राहिलं म्हणून खंत करू नये.

कागदांत अडकतो तो डॉक्टरांचा दाखला. रुग्णालयात मृत्यू झाला तर नमुना ४, घरी झाला तर ४अ. कधीच न तपासलेल्या माणसाच्या मृत्यूचं कारण लिहायला कोणताही डॉक्टर कचरतो, आणि कारण संशयास्पद ठरलं की पोलीस, मग शवविच्छेदन. शवविच्छेदन झालेला देह घेत नाहीत. म्हणून एक डॉक्टर कायमचा ठेवा, वर्षातून दोनदा तरी त्याला दाखवा आणि त्याचा नंबर घरातल्या सगळ्यांकडे असू द्या.

अपघात, आत्महत्या, एचआयव्ही, कावीळ ‘बी’ किंवा ‘सी’, गँगरीन, अंथरुणाला खिळून पडलेल्या चिघळलेल्या जखमा (शय्याव्रण) असतील तरीही बहुधा नकार मिळतो. कर्करोगाबाबत कॉलेजागणिक नियम वेगळे आहेत. नकार मिळाला तर काय करायचं, हेही मुलांना सांगून ठेवा, नाहीतर ऐनवेळी आपण वडिलांची इच्छा मोडली असं त्यांना उगाच वाटत राहतं.

फॉर्म पुण्यात भरला आणि मृत्यू नाशिकला लेकीकडे आला, तर देह पुण्याला न्यायची गरज नाही. जवळच्या मेडिकल कॉलेजला फोन करा. फॉर्म भरलेलाच नसला तरी नातेवाईक संमती देऊन देहदान करू शकतात. नेताना डॉक्टरांचा दाखला, मृत व्यक्तीचं आणि नातेवाइकाचं आधार कार्ड बरोबर घ्या, अंगावरचे दागिने घरीच काढून ठेवा. देह मिळाल्याचं पत्र कॉलेजकडून मागून घ्या. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करताना स्मशानाच्या पावतीऐवजी तेच दाखवावं लागतं.

फॉर्म देताना हमखास विचारायचे राहतात असे दोन प्रश्न आहेत: रात्री आणि दिवाळीच्या सुट्टीत फोन कोणाला करायचा, आणि शववाहिका कॉलेज पाठवणार की आपण आणायची? विभागाचा फोन पाचनंतर सहसा कोणी उचलत नाही. सरकारी रुग्णालयात अपघात विभागातून शीतगृहाची सोय होऊ शकते, खासगी कॉलेजात सकाळपर्यंत थांबवतात. उत्तरं कार्डाच्या मागेच लिहून ठेवा आणि दरवर्षी एकदा तो नंबर लावून बघा. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या कार्डांवरचे कितीतरी लँडलाइन आता बंद पडलेत.