देऊळ कुणाकडं फिरलं?

आमची दिंडी नरसी नामदेवहून निघते आणि औंढा नागनाथाचं दर्शन घेऊनच परभणीची वाट धरते. पहिला पाऊस झालेला असला की काळी माती चपलेला धरते, चार पावलांत पाय उचलेनासे होतात. शेतात हळदीच्या बेण्याची, सोयाबीनच्या पेरणीची घाई असते. तरी बांधावरून कुणीतरी हाक मारतंच, "माउली, चहा घेऊन जा."

औंढ्याची गोष्ट आमच्याकडं लेकरांनाही ठाऊक आहे. नामदेव महाराज कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना देवळामागं जायला सांगितलं, ते मागं जाऊन गात राहिले आणि देऊळच त्यांच्याकडं फिरलं. देवळामागचा नंदी दाखवत ही गोष्ट सांगतात. सांगणारे चमत्कारावर थांबतात. मला मात्र त्यात देवाचा स्वभाव दिसतो.

ही हकिगत खुद्द नामदेवांच्या तोंडची आहे. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत, त्यांतल्या दोन पदांत ती येते. तिथं औंढ्याचं नाव नाही. हसतखेळत तुझ्या देवळात आलो, भक्ती करत असताना मला धरून उठवलं, असं ते सांगतात. शिंप्याच्या जन्माला का घातलंस, असं देवालाच विचारतात. मग आपली कांबळी उचलतात आणि देवळामागं जाऊन बसतात. ती कांबळी माझ्या मनातून जात नाही. अपमान झालेला माणूस आधी आपलं किडुकमिडुक गोळा करतो, तसंच हे. दुसऱ्या पदात तर मार खाल्ल्याचं सांगून ते विठ्ठलाला बाप म्हणून हाक मारतात आणि रोकडा सवाल टाकतात: मेल्यावर मुक्ती दिलीस तर ती कुणाला कळणार?

यावर देव काय करतो? पुजाऱ्यांना शाप देत नाही, देऊळ पाडत नाही, नामदेवाला पुन्हा पुढच्या दाराशी बोलावतही नाही. हाकललेला माणूस जिथं बसलाय तिकडं आपल्या घराचं तोंड करतो, आणि पंडितांच्या वाट्याला पाठीमागची बाजू येते. ज्याचं घर, तोच हलतो.

औंढ्याचं देऊळही मला हेच सांगतं. बाहेर काळ्या दगडावर शिल्पांच्या रांगा, बघता बघता मान अवघडते. देव मात्र जमिनीखाली. अरुंद वाटेनं एकेकानं उतरायचं, वीणा-पताका वरच ठेवायच्या. खाली छत इतकं जवळ की ताठ उभं राहता येत नाही. अंधुक उजेडात गुडघ्याला गुडघा लावून बसलेला माणूस सरपंच की सालगडी, काही कळत नाही.

पुढं गंगाखेड लागतं, जनाबाईंचं गाव. गोदावरीकाठी हातपाय धुताना मी दिंडीतल्या एका मावशींना मनातली सल बोलून दाखवली. नामदेवांसाठी देऊळ फिरलं, मग चोखोबांसाठी कामून नाही फिरलं? मावशी लुगड्याचा ओला पदर पिळत म्हणाल्या, "अरं लेकरा, जनीसंगं दळाया कोण बसलं? चोख्यासंगं ढोरं ओढाया कोण गेलं? त्यो घरातच कुठं बसून व्हता!"

मावशींचं म्हणणं मला पटलं, पण सल गेली नाही. देव बाहेर गेला असेल. माणसांनी दार लावूनच ठेवलं होतं. चोखोबा 1338 मध्ये मंगळवेढ्यात वेस बांधताना दगडांखाली गेले. त्यांची समाधी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर, बाहेरच आहे. अस्पृश्य मानलेल्यांना ते मंदिर खुलं व्हायला 1947 साल उजाडलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. मधे सहाशे वर्षं गेली. त्या सहाशे वर्षांत देऊळ फिरल्याची गोष्ट गावोगावच्या कीर्तनांत रंगत होती, याचा मला फार त्रास होतो.

म्हणून पंढरपुरात पोचल्यावर आम्ही आधी चोखोबांपाशी बसतो. तिथं एक अभंग पुरा होतो, मग नामदेव पायरीवर डोकं टेकवून दर्शनाच्या रांगेला लागतो.