काठाचं भूत

रात्री साडेनऊला मामांचा फोन. "अरे, तुझ्या घड्याळात भूत बसलंय बघ. ये की जरा."

दुपारी चारला मीच ते घड्याळ त्यांच्या हातात दिलं होतं. बेळगावात टिळकवाडीला दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ माझं रिपेअरीचं दुकान आहे, तिथल्या टेबलावर ते तीन दिवस न चुकता चाललं होतं. बाहेर जुलैचा पाऊस. रेनकोट चढवला, पिशवीत सोल्डर, मल्टिमीटर, लॅपटॉप कोंबला आणि वडगाव गाठलं.

मामा माझ्या नात्यातले नव्हेत, पण त्यांना सगळे मामाच म्हणतात. जन्म पॉवरलूमवर गेला. महिन्याभरापूर्वी ते एक जुना व्हीसीआर घेऊन आले होते. कॅसेट केव्हाच बंद, पण पंधरा-वीस वर्षं तो उशाशी घड्याळ म्हणून चालू होता. "सिनेमा नको मला. ह्याचं घड्याळ तेवढं दिसू दे." रात्री दोन-तीनदा जाग येते, चष्मा सापडत नाही, आणि लाल आकड्यांची घड्याळं डोळ्यांना बोचतात, ही तक्रार.

उघडून बघितलं. वेळेचे आकडे जळून राखेसारखे झाले होते आणि शेजारचं रेकॉर्डिंगचं चिन्ह, जे कधी पेटलंच नसेल, ते नव्यासारखं झळकत होतं. आकड्यांची ही पाटी व्हॅक्यूम फ्लुरोसंट जातीची, म्हणजे निर्वात काचेत लेप उजळणारी. आतला झिंक ऑक्साइडचा लेप जिथं वापरला तिथंच झिजतो. त्याला दुरुस्ती नाही.

पण मामांची निवड चुकीची नव्हती. ह्या लेपाचा निळसर हिरवा उजेड सुमारे ५०५ नॅनोमीटरचा, आणि अंधाराला सरावलेला डोळा सगळ्यात जास्त ओळखतो तो रंगही त्याच्या अगदी शेजारचा. मंद ठेवला तरी दिसतो.

माझ्याकडे ह्याच जातीच्या, हौसेनं मागवलेल्या दोन सोव्हिएत नळ्या पडून होत्या, आयव्ही-१८. बोटाएवढी काचेची नळी, आत आठ आकडे एका ओळीत. खोक्यावर रशियन अक्षरं. मामांनी ती डोळे बारीक करून बघितली. "कानडी न्हवे, मराठी न्हवे. बेळगावात आता आणखी एका पाटीचं भांडण लावतोस काय?"

तर त्या नळीचं घड्याळ केलं. वेळ सांभाळायला डीएस ३२३१ ही चिप, जी वर्षाला मिनिटभराच्या पलीकडे फारशी चुकत नाही. आकडे पेटवायला मॅक्स ६९२१ चिप. १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, त्यातून ५० व्होल्ट करणारी छोटी बूस्ट पाटी. नळीत आडवी ताणलेली तार तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन निघतात, ते लेपावर आदळले की आकडा पेटतो. ती तापवायला ५ व्होल्ट, ८५ मिलिअँपिअर लागतात. ते मी १२ व्होल्टमधून ८२ ओहमचा रेझिस्टन्स लावून सरळ डीसीनं, म्हणजे एकाच दिशेच्या प्रवाहानं दिले. तारेला एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा प्रवाह द्यायचा असतो हे मला ठाऊक होतं. आळस केला, दुसरं काही नाही.

मामांच्या घरी पोचलो तेव्हा घड्याळ कपाटावर छान चाललेलं. "कुठाय भूत?" म्हटलं. मामांनी काही न बोलता ट्यूबलाइट बंद केली.

मग दिसलं. सेकंदाच्या आकड्यांमागे पुसट ८ उभा होता, सतत. ४ असो, ७ असो, मागे तो फिकट ८ आहेच. तीन दिवस मी हे घड्याळ दुकानाच्या लखलखीत उजेडात तपासलं होतं. ज्याला ते अंधारात बघायचंय त्याच्यासाठी!

पहिला संशय प्रोग्रामवर. नळीत आठही आकडे एकदम पेटत नाहीत. एकामागून एक इतक्या झरझर पेटतात की डोळ्याला सलग वाटतात. मधे क्षणभर सगळं विझवलं नाही तर एका आकड्याचा उजेड दुसऱ्यावर सांडतो. मामींच्या पाटावर लॅपटॉप मांडून ती विश्रांती वाढवली. भूत तसंच. आणखी वाढवली. आकडे मंद झाले, भूत हललं नाही. मामी चहा ठेवून गेल्या, तो निवला.

मामा अंधारातच बसून होते. म्हणाले, "डावीकडं भूत न्हाई बघ. तासाचे आकडे साफ हायत. मधे थोडं, उजवीकडं जास्त. आणि उजवीकडचा उजेड पण दाट हाय."

मी मान वर केली.

"एकाच काठाला दोष आला तर तो नक्षीचा नसतोय, बाळा. ताण्याचा ताण बघायचा."

नक्षी म्हणजे माझा प्रोग्राम. तो चुकला असता तर आठही आकड्यांना सारखाच चुकला असता. राहिला ताणा, म्हणजे मागावरचे उभे ताणलेले धागे; इथं या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलेली ती तार. तिचं उजवं टोक मी थेट शून्याला बांधलं होतं, डावं ५ व्होल्टवर. तार आणि प्रत्येक आकडा यांच्या मधे इलेक्ट्रॉन सोडणारी-अडवणारी एक जाळी असते. बंद आकड्याची जाळीही शून्यावर असते. तापल्या तारेतले इलेक्ट्रॉन अडवायचे तर जाळी तारेपेक्षा थोडी उणे हवी. डावीकडे ती ५ व्होल्टनी उणे होती, तिथं दार बंद. उजवीकडे दोन्ही शून्य, म्हणून दार किलकिलं. उजवीकडचा दाट उजेडही त्याच कारणानं.

उपाय म्हणजे सगळी तारच थोडी वर उचलायची. पिशवीत ४००७ डायोड होते, प्रत्येकावर थोडे व्होल्ट अडतात. चार एका रांगेत उजव्या टोकाला आणि शून्याच्या मधे लावले, तार पावणेतीन-तीन व्होल्ट वर गेली. आता ८२ ओहम जास्त झाला, तार उपाशी राहिली असती. १०० ओहमचे दोन समांतर जोडून ५० केले. मामांनी बॅटरीचा उजेड धरला. नळीत वाकून बघत विचारलं, "तारेच्या टोकाला हे काय, स्प्रिंग?" तार तापली की लांबते, ढिली पडू नये म्हणून, असं सांगितलं. मामा स्वतःशीच हसले. "म्हणजे अख्खा मागच बसवलाय की आत."

अकरा वाजता पुन्हा दिवा बंद केला. ११-०४-१७. मागे काळोख, नुसता काळोख.

"भूत गेलं," मामा म्हणाले. मग जरा वेळानं, "उजवीकडं उजेड अजून जरा गडद हाय न्हवं?"

होतंच. डीसी आहे तोवर ते राहणार. तारेला एसी देणारी पाटी आठवड्यात करतो, तोवर घड्याळ दुकानात नेतो, म्हणून मी प्लग काढायला गेलो. मामांनी माझा हात धरला.

"ठेव तिथंच. साडीला काठ गडदच असतोय."

ती एसीची पाटी मी नंतर केली. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मामा अजून घड्याळ द्यायला तयार नाहीत.