बाबांचा पाय आणि खांद्यावरची पिशवी

फोंडा, १९ जुलै

आज बाबांच्या पायाच्या जखमेचे ड्रेसिंग बदलण्याचा दिवस होता. परिचारिकेने सलाईनने भिजवून, स्राव ओढून घेणाऱ्या यंत्राचा जखमेतला काळा फोम सावकाश सुटा केला, तेव्हा तळाशी लालसर, दाणेदार नवे मांस दिसले आणि महिनाभर छातीवर असलेला धोंडा थोडा हलला.

मे महिन्यात कुळागरात, म्हणजे आमच्या नारळ-सुपारीच्या बागेत, झावळ्या ओढताना बाबांच्या तळव्यात काटा रुतला. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली असल्यामुळे त्यांना ते कळलेच नाही. चौथ्या दिवशी फरशीवरचा ओला डाग पाहून आम्हाला कळले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले होते. तो आकडा मी तेव्हा वाचला होता, पण बाबांचे तळवे रोज पाहावेत, हे मला सुचले नाही. याची खंत वाटते.

शल्यविशारदांनी आधी पायाचा रक्तपुरवठा तपासला, हाडापर्यंत जंतुसंसर्ग पोहोचलेला नाही याची खात्री केली, मृत मांस काढले आणि मगच जखमेवर कमी दाब ठेवून ती भरून आणायला मदत करणारे हे छोटे यंत्र लावले. जखमेत फोम, त्यावर हवाबंद पारदर्शक पट्टी आणि तिथून नळी खांद्यावरच्या पिशवीतल्या पंपाकडे जाते. वातावरणापेक्षा १२५ मिलिमीटर पाऱ्याइतका कमी दाब राखून पंप जखमेतला स्राव डबीत ओढतो, सूज उतरवतो आणि जखमेच्या कडा एकमेकींकडे आणतो. पायाचा काही भाग कापावा लागलेल्या १६२ मधुमेही रुग्णांवरील २००५ सालच्या अमेरिकी अभ्यासात या उपचाराने १६ आठवड्यांत ५६ टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या, साध्या ओलसर ड्रेसिंगने ३९ टक्के. उरलेल्या ४४ टक्क्यांचा विचार मनातून जात नाही, म्हणूनच साखर आणि त्या पायावर भार न देणे या दोन्ही बाबतींत मी बाबांचे काही ऐकत नाही.

यंत्र बॅटरीवर चालते, त्यामुळे पावसात वीज गेली तरी काळजी नसते, आणि बाबा इस्पितळाच्या खाटेऐवजी पडवीत बसून पाऊस पाहू शकतात. हे सुख मला फार मोठे वाटते.

काल रात्री दोन वाजता यंत्राची सूचना वाजली. बोटांजवळ पट्टी सुटून हवा आत शिरत होती. बाबा गाढ झोपेत होते. पायाने त्यांना काहीच सांगितले नव्हते. मी पट्टीची कड बोटाने दाबून धरली, वर दुसरी पट्टी चिकटवली आणि फोम पुन्हा आक्रसून घट्ट होईपर्यंत तिथेच बसून राहिलो.